इंग्रजी क्रियापदापुढे ‘टू’ कधी, कोरे रूप कधी आणि प्रिपोझिशन कोणते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकणारे आणि शिकवणारे मराठी भाषक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने घेतले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सर्व उत्तरांमागचे सूत्र एकच आहे: पुढे काय येणार हे पहिले क्रियापद ठरवते, वाक्याचा मराठी अर्थ ठरवत नाही.

१. क्रियापदाचे ‘कोरे रूप’ म्हणजे नेमके काय?

‘गो’, ‘ईट’, ‘वेट’ अशी जी रूपे शब्दकोशात सापडतात, ती ‘टू’ न लावता आणि कोणताही प्रत्यय न जोडता दुसऱ्या क्रियापदापुढे वापरली, की त्यांना कोरे रूप म्हणायचे. व्याकरणात यालाच बेअर इन्फिनिटिव्ह म्हणतात. ‘आय कॅन गो’ यात ‘गो’ कोरे आहे आणि ‘आय वॉन्ट टू गो’ यात ते ‘टू’सह आले आहे. या रूपाला काळ नसतो, कर्त्याप्रमाणे ते बदलतही नाही. म्हणून ‘शी कॅन गोज’ किंवा ‘ही डिड वेंट’ असे कधीच होत नाही.

अनेकांना वाटते, की मूळ रूप ‘टू’सहच असते आणि काही ठिकाणी ‘टू’ गाळला जातो. इतिहास मात्र उलटा आहे. साधारण इ. स. ११०० पर्यंतच्या जुन्या इंग्रजीत हे रूप प्रत्ययानेच ओळखू येत असे आणि ‘टू’ हे खरेखुरे प्रिपोझिशन होते. पुढे प्रत्यय झिजले आणि ‘टू’ रूपाची खूण म्हणून उरला. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ यांसारख्या क्रियापदांपुढे कोरेच रूप येत राहिले. थोडक्यात, ‘कॅन’नंतर ‘टू’ गळालेला नाही. तो तेथे कधी आलाच नव्हता.

२. कोरे रूप कोणकोणत्या शब्दांनंतर येते?

सर्वांत मोठा गट सहायक क्रियापदांचा आहे: ‘कॅन’, ‘कुड’, ‘मे’, ‘माइट’, ‘शॅल’, ‘शुड’, ‘विल’, ‘वुड’, ‘मस्ट’, तसेच प्रश्न आणि नकार करताना येणारी ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’. याला ‘ऑट’ हा अपवाद आहे, कारण त्यापुढे ‘टू’ लागतो. दुसरा गट ‘लेट’, ‘मेक’ आणि करवून घेण्याच्या अर्थाचे ‘हॅव’ यांचा आहे (प्रश्न ३ व ४). तिसरा गट पाहणे, ऐकणे, जाणवणे या अर्थांच्या ‘सी’, ‘वॉच’, ‘हिअर’, ‘फील’, ‘नोटिस’ यांचा आहे (प्रश्न ७). याखेरीज ‘हॅड बेटर’, ‘वुड रादर’ (प्रश्न ८) आणि ‘व्हाय नॉट आस्क हर?’ यांसारखे ‘व्हाय’ने सुरू होणारे छोटे प्रश्न येतात. यादी लांब दिसली, तरी रोजच्या बोलण्यात तिचा बहुतेक भार पहिल्या दोन गटांवरच असतो.

३. ‘ही मेड मी टू वेट’ हे चूक का? मराठीत आपण ‘थांबायला लावले’ असेच म्हणतो ना?

होय, आणि ही चूक त्यातूनच उद्भवते. मराठीतही दोन रचना आहेत. एक ‘ऊ’ची: ‘मी जाऊ शकतो’, ‘मला जाऊ दे’. दुसरी ‘आयला’ची: ‘त्याने मला जायला सांगितले’, ‘त्याने मला जायला लावले’. योगायोगाने ‘शकणे’ आणि ‘देणे’ यांच्या जागी येणारी ‘कॅन’ आणि ‘लेट’ ही इंग्रजी क्रियापदेही कोरे रूप घेतात. त्यामुळे ‘लेट मी टू गो’ असे मराठी भाषकाच्या तोंडून क्वचितच ऐकू येते. ‘सांगणे’ या अर्थाचे ‘टेल’ हे ‘टू’ घेते, म्हणून ‘ही टोल्ड मी टू गो’ हेही सहज जमते.

अडते ते ‘लावणे’पाशी. मराठीत ‘सांगणे’ आणि ‘लावणे’ एकाच रचनेत बसतात, तर इंग्रजीत ‘टेल’ आणि ‘मेक’ यांच्या वाटा वेगळ्या होतात. कान ‘थांबायला’ ऐकतो आणि जीभ ‘टू वेट’ म्हणते. योग्य वाक्य ‘ही मेड मी वेट’ असे आहे. ‘व्हॉट मेड यू चेंज युअर माइंड?’, ‘द स्मोक मेड माय आइज वॉटर’ ही वाक्ये मोठ्याने म्हणून पाहावीत. नियम पाठ करण्यापेक्षा असा सराव या एका क्रियापदासाठी अधिक उपयोगी पडतो. कर्मणी प्रयोगात मात्र चित्र पालटते, ते प्रश्न ५ मध्ये पाहा.

४. ‘मेक’, ‘गेट’, ‘हॅव’, ‘फोर्स’, ‘अलाउ’ यांचा अर्थ जवळचा आहे, मग रचना वेगळी का?

अर्थावरून रचनेचा अंदाज बांधता येत नाही, हे या गटातून सर्वांत स्पष्ट दिसते. ‘लेट’ आणि ‘अलाउ’ दोन्ही परवानगीचेच शब्द आहेत, पण ‘दे लेट अस लीव्ह’ आणि ‘दे अलाउड अस टू लीव्ह’. ‘मेक’ आणि ‘फोर्स’ दोन्ही भाग पाडण्याचे आहेत, पण ‘दे मेड अस लीव्ह’ आणि ‘दे फोर्स्ड अस टू लीव्ह’. कोरे रूप घेणारी ‘लेट’, ‘मेक’ आणि ‘हॅव’ एवढी तीनच लक्षात ठेवावीत. ‘गेट’, ‘फोर्स’, ‘कॉज’, ‘अलाउ’, ‘परमिट’, ‘पर्सुएड’ ही सारी ‘टू’ घेतात.

‘हॅव’ आणि ‘गेट’ यांत अर्थाचीही एक छटा आहे. ‘आय हॅड द इलेक्ट्रिशियन चेक द वायरिंग’ म्हणजे त्याचे ते कामच आहे, मी त्याला ते करायला सांगितले. ‘आय गॉट द इलेक्ट्रिशियन टू चेक द वायरिंग’ यात थोडी मनधरणी किंवा खटपट ध्वनित होऊ शकते. काम कोणी केले हे महत्त्वाचे नसेल, तर वस्तू आधी घेऊन तिच्यापुढे भूतकालवाचक धातुसाधित ठेवावे: ‘आय हॅड द वायरिंग चेक्ड’. येथे ‘चेक’ म्हटले, तर वायरिंगच काहीतरी तपासत आहे असा अर्थ होईल.

५. मग ‘आय वॉज मेड टू वेट’ यात ‘टू’ कोठून आला?

कर्मणी प्रयोगात ‘मेक’ आणि ‘सी’, ‘हिअर’ यांसारखी क्रियापदे ‘टू’ घेतात: ‘आय वॉज मेड टू वेट’, ‘ही वॉज सीन टू एंटर द बिल्डिंग’. कोरे रूप या क्रियापदांच्या कर्तरी रचनेपुरतेच राहते. ‘लेट’चा कर्मणी प्रयोग या अर्थाने सहसा होत नाही, त्याऐवजी ‘आय वॉज अलाउड टू लीव्ह’ म्हणावे. ‘ही वॉज लेट गो’ हे वाक्य ऐकू येते खरे, पण त्याचा नेहमीचा अर्थ त्याला सोडून दिले किंवा नोकरीवरून कमी केले असा असतो. करवून घेण्याच्या ‘हॅव’चा तर कर्मणी प्रयोग होतच नाही.

६. ‘हेल्प’नंतर ‘टू’ लावावा की नाही?

दोन्ही चालते. ‘शी हेल्प्ड मी कॅरी द बॉक्स’ आणि ‘शी हेल्प्ड मी टू कॅरी द बॉक्स’ यांत अर्थाचा फरक नाही. अमेरिकी वापरात कोरे रूप अधिक रूढ आहे. कर्मणीत मात्र ‘टू’ लागतोच. एका वेगळ्या रचनेपासून सावध राहावे: ‘कान्ट हेल्प’ म्हणजे ‘राहवत नाही’, आणि त्यापुढे ‘आयएनजी’ रूप येते, जसे ‘आय कान्ट हेल्प लाफिंग’. तोच अर्थ ‘आय कान्ट हेल्प बट लाफ’ असाही व्यक्त होतो आणि तेथे रूप पुन्हा कोरे होते (प्रश्न १५).

७. ‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’ आणि ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड’ यांत फरक काय?

पहिल्या वाक्यात क्रिया सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली आहे. तो पलीकडे पोहोचला. दुसऱ्यात क्रिया चालू असतानाचा एक तुकडा दिसला. तो पुढे पोहोचला की मध्येच मागे फिरला, याविषयी वाक्य काहीच सांगत नाही. साक्ष नोंदवताना किंवा घटना सांगताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

मराठीत आपण दोन्हीसाठी बहुधा ‘त्याला रस्ता ओलांडताना पाहिले’ असेच म्हणतो. ‘ताना’चे नाते ‘आयएनजी’शी सहज जुळते, म्हणून मराठी भाषकांच्या इंग्रजीत ‘सॉ हिम क्रॉस’ ही रचना जवळजवळ दिसतच नाही. तिच्या अभावाने वाक्य चुकत नाही, परंतु सांगण्याची एक शक्यता हातची जाते. क्षणात घडून संपणाऱ्या क्रियांच्या बाबतीत तर अर्थच बदलतो: ‘आय हर्ड द डोअर स्लॅम’ म्हणजे दार एकदा आपटले, ‘आय हर्ड द डोअर स्लॅमिंग’ म्हणजे ते पुन्हा पुन्हा आपटत होते.

येथे एक अपवाद ध्यानात घ्यावा. ‘फील’ हे शरीराला जाणवण्याऐवजी मत होण्याच्या अर्थाने आले, की ‘टू बी’ लागते: ‘आय फेल्ट द प्लॅन टू बी अनवाइज’. याउलट ‘आय फेल्ट द फ्लोअर शेक’ यात जमीन हादरल्याची प्रत्यक्ष जाणीव आहे.

८. ‘हॅड बेटर’ हा भूतकाळ आहे का?

नाही. ‘यू हॅड बेटर गो नाउ’ हा आत्ताचा सल्ला आहे आणि त्यात ‘न गेल्यास अडचण होईल’ असा इशारा दडलेला असतो. त्यामुळे वडीलधाऱ्यांशी किंवा वरिष्ठांशी बोलताना तो जपून वापरावा. नकारात ‘नॉट’ नंतर येतो: ‘यू हॅड बेटर नॉट गो’. ‘वुड रादर’चीही रचना हीच आहे: ‘आय वुड रादर स्टे’. मात्र दुसऱ्या कोणी काही करावे असे वाटत असेल, तर कोरे रूप न येता भूतकाळाचे रूप येते: ‘आय वुड रादर यू केम टुमॉरो’.

९. ‘यू नीडन्ट कम’ आणि ‘यू डोन्ट नीड टू कम’ यांपैकी बरोबर कोणते?

दोन्ही. ‘नीड’ आणि ‘डेअर’ ही क्रियापदे दोन प्रकारे वागतात. नकारात आणि प्रश्नात ती सहायक क्रियापदे होऊ शकतात आणि तेव्हा कोरे रूप घेतात. साध्या होकारार्थी वाक्यात ‘नीड’ नेहमीच्या क्रियापदासारखे वागते, म्हणून ‘शी नीड्स टू रेस्ट’. मिश्रण तेवढे टाळावे: ‘यू नीडन्ट टू कम’ हे दोन्ही घरांत बसत नाही.

१०. ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ यात चूक कोठे आहे?

येथील ‘टू’ क्रियापदाची खूण नसून प्रिपोझिशन आहे, आणि प्रिपोझिशननंतर क्रियापद ‘आयएनजी’ रूपात येते: ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. ओळखण्याची कसोटी सोपी आहे. ‘टू’नंतर एखादे नाम ठेवून पाहावे. ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू द ट्रिप’ चालते, म्हणजे ते प्रिपोझिशन आहे. ‘आय होप टू द ट्रिप’ चालत नाही, म्हणजे ती क्रियापदाची खूण आहे. ‘ऑब्जेक्ट टू’, ‘बी कमिटेड टू’ आणि ‘बी अकस्टम्ड टू’ याच कुळातले आहेत.

सर्वाधिक घोळ ‘यूज्ड टू’मध्ये होतो. ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे पूर्वी मी लवकर उठत असे. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे लवकर उठण्याची मला सवय आहे. दोन वाक्यांत फरक केवळ ‘अ‍ॅम’ आणि ‘आयएनजी’ यांचा आहे, परंतु पहिल्यातली गोष्ट संपलेली आहे आणि दुसऱ्यातली चालू आहे.

११. ‘डिस्कस अबाउट’, ‘रीच टू’, ‘मॅरी विथ’ चुकीचे का मानले जातात?

कारण ही क्रियापदे कर्म थेट घेतात. मराठीत विषया*वर* चर्चा होते, लग्न कोणा*शी* तरी होते, आणि ते प्रत्यय इंग्रजीत नेण्याचा मोह होतो. बरोबर रूपे ‘वी डिस्कस्ड द प्लॅन’, ‘शी रीच्ड द स्टेशन’, ‘ही मॅरीड हर’ अशी आहेत. ‘रिझेम्बल’, ‘अप्रोच’, ‘कॉन्टॅक्ट’, ‘अवेट’, ‘लॅक’ आणि ‘एम्फसाइझ’ हीदेखील अशीच आहेत. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ आणि ‘रिटर्न बॅक’मधला ‘बॅक’ हेही वगळावेत.

गोंधळाचे दुसरे कारण इंग्रजीच्या आतच आहे. यांतील अनेक क्रियापदांची नामे प्रिपोझिशन घेतात: ‘अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’, ‘अ‍ॅन एम्फसिस ऑन स्पीड’, ‘अ लॅक ऑफ टाइम’, ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. नामाची सवय क्रियापदाला लागते आणि ‘आय रिक्वेस्टेड फॉर लीव्ह’ असे वाक्य तयार होते. म्हणून नाम आणि क्रियापद यांची नोंद नेहमी शेजारी शेजारी करावी.

काही क्रियापदांत प्रिपोझिशन आले की अर्थ वेगळा होतो. ‘एंटर द रूम’ म्हणजे खोलीत शिरणे, पण ‘एंटर इंटू अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट’ म्हणजे करार करणे. ‘अटेंड अ मीटिंग’ म्हणजे बैठकीला हजर राहणे, ‘अटेंड टू अ पेशंट’ म्हणजे रुग्णाकडे लक्ष देणे. ‘रीच फॉर द ग्लास’ म्हणजे पेल्याकडे हात नेणे. तो हाती आला असे त्यात अभिप्रेत नाही.

१२. ‘एक्सप्लेन मी’ का चालत नाही, आणि ‘टेल टू मी’ का चालत नाही?

मराठीत ‘मला सांग’ आणि ‘मला समजावून सांग’ या दोन्हींत ‘ला’च आहे. इंग्रजीत ‘टेल’, ‘आस्क’, ‘गिव्ह’, ‘शो’ यांच्यापुढे व्यक्ती थेट येते: ‘टेल मी’. ‘एक्सप्लेन’, ‘से’, ‘डिस्क्राइब’, ‘सजेस्ट’ यांना व्यक्तीपूर्वी ‘टू’ लागतो: ‘एक्सप्लेन इट टू मी’. ‘लिसन’, ‘वेट’ आणि ‘लुक’ यांना कर्म असेल तेव्हाच प्रिपोझिशन लागते, म्हणून ‘लिसन टू द रेडिओ’ आणि ‘वेट फॉर मी’. एकट्याने मात्र ‘लिसन!’ आणि ‘वेट!’ पुरेसे आहे.

१३. एकाच क्रियापदाला दोन प्रिपोझिशने लागतात तेव्हा कोणते निवडावे?

‘शाउट’ आणि ‘थ्रो’ ही जोडी जवळून पाहण्यासारखी आहे. ‘ही शाउटेड टू मी’ म्हणजे मी लांब होतो, ऐकू यावे म्हणून त्याने मोठ्याने हाक मारली. ‘ही शाउटेड अ‍ॅट मी’ म्हणजे तो माझ्यावर ओरडला. ‘शी थ्रू द बॉल टू हिम’ यात त्याने चेंडू झेलावा अशी इच्छा आहे. ‘शी थ्रू द बॉल अ‍ॅट हिम’ यात तो त्याला लागावा असा नेम आहे. ‘टू’ समोरच्याला स्वीकारणारा मानतो, ‘अ‍ॅट’ त्याला लक्ष्य करतो. ‘लाफ अ‍ॅट’ आणि ‘पॉइंट अ‍ॅट’ यांतही हाच ‘अ‍ॅट’ आहे.

‘अ‍ॅग्री’चे तसे नाही, तेथे पुढे काय येते ते पाहावे. व्यक्तीशी किंवा मताशी ‘अ‍ॅग्री विथ’, प्रस्तावाला ‘अ‍ॅग्री टू’, आणि चर्चेतून ठरलेल्या गोष्टीवर ‘अ‍ॅग्री ऑन’.

१४. ‘अ चेअर टू सिट’ म्हणावे की ‘अ चेअर टू सिट ऑन’?

‘अ चेअर टू सिट ऑन’. खुर्ची बसली जात नाही, खुर्चीवर बसले जाते. ते ‘वर’ इंग्रजीत गाळता येत नाही. मराठीत ‘बसायला खुर्ची’ म्हटले की काम भागते, म्हणून हा शेवटचा शब्द हमखास सुटतो. ‘अ पेन टू राइट विथ’, ‘पेपर टू राइट ऑन’, ‘नथिंग टू वरी अबाउट’ ही त्याच घडणीची उदाहरणे आहेत. ‘व्हॉट आर यू वेटिंग फॉर?’ आणि ‘ही वॉज लाफ्ट अ‍ॅट’ यांतही प्रिपोझिशन क्रियापदाला चिकटून शेवटी राहते. वाक्य प्रिपोझिशनने संपवू नये हा जुना दंडक इंग्रजीच्या प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही. त्याच्या धाकाने वाक्य अवघडून टाकण्याचे कारण नाही.

१५. प्रिपोझिशननंतर कोरे रूप कधीच येत नाही का?

‘बट’ आणि ‘एक्सेप्ट’ यांच्यानंतर येते, विशेषतः आधी ‘डू’ असेल तर: ‘ही डिड नथिंग बट कम्प्लेन’. दुसरी जागा अधिक रंजक आहे: ‘लिसन टू हर सिंग’, ‘लुक अ‍ॅट हिम रन’. येथे प्रिपोझिशन आपले कर्म घेते आणि नंतर प्रश्न ७ मधील ‘सी’, ‘हिअर’ यांच्याप्रमाणे कोरे रूप येते. ‘वेट फॉर’ दिसायला असेच असले, तरी ते ‘टू’ घेते: ‘वेट फॉर हिम टू फिनिश’.

१६. ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही टेक रेस्ट’ यात ‘टेक्स’ किंवा ‘टुक’ का नाही?

हे रूप कोऱ्या रूपासारखेच दिसते, परंतु त्याला स्वतःचा कर्ता आहे. व्याकरणात याला सब्जंक्टिव्ह म्हणतात. ‘सजेस्ट’, ‘इन्सिस्ट’, ‘रेकमेंड’, ‘डिमांड’ यांच्या ‘दॅट’वाक्यात ते येते आणि मुख्य क्रियापद भूतकाळात असले तरी बदलत नाही. ब्रिटिश वापरात येथे ‘शुड टेक’ही रूढ आहे. ‘सजेस्टेड हिम टू टेक रेस्ट’ मात्र टाळावे, कारण ‘सजेस्ट’ ही रचना घेत नाही.

१७. ‘कम सी’, ‘गो गेट’, ‘ऑल आय डिड वॉज कॉल’ ही वाक्ये शुद्ध आहेत का?

‘ऑल आय डिड वॉज कॉल हिम’ पूर्ण शुद्ध आहे. आधी ‘डू’ आल्यामुळे पुढचे क्रियापद कोरे राहू शकते. ‘गो गेट सम वॉटर’ ही मुख्यतः अमेरिकी बोलीतील रचना आहे आणि ती दोन्ही क्रियापदे कोरी असतील तेव्हाच चालते. ‘आय विल गो गेट इट’ ठीक, पण ‘ही गोज गेट्स इट’ किंवा ‘ही वेंट गॉट इट’ होत नाही. तेथे ‘ही वेंट अँड गॉट इट’ म्हणावे लागते. ‘ट्राय अँड कॉल हिम’ यावरही तेच बंधन आहे: ‘आय विल ट्राय अँड कॉल’ म्हणजे मी फोन करण्याचा प्रयत्न करीन, पण भूतकाळात हा अर्थ हवा असेल, तर ‘आय ट्राइड टू कॉल’ असेच लिहावे. औपचारिक लेखनात या दोन्ही रचनांऐवजी ‘टू’ वापरणे योग्य ठरते.